फोर्टात खोदायचं तर काम थांबवणार कोण?

काल गिरगावच्या कट्ट्यावर जाम वाजलं, फोर्टातल्या जुन्या वारसा इमारतींच्या शेजारी खोदकाम कसं करायचं यावरून. बंड्या म्हणाला, जुन्या दगडांपायी शहर थांबवायचं का, भुयारी मेट्रो ३ झालीच ना शेवटी. झाली रे, पण २०१७ला फोर्टातल्या जुन्या जे. एन. पेटिट लायब्ररीच्या दर्शनी भागाचा दगडी तुकडा खाली आला, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथलं काम काही काळ बंद राहिलं, ते पण याच मेट्रोचं ना? असा वाद उद्या कुठेही होईल, म्हणून पहिला ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचं मशीन, लागायच्या आधी शेजारच्या प्रत्येक इमारतीच्या भेगा मोजून फोटोसकट नोंदवायलाच हव्यात.

दाद्या साइटवरचा माणूस, तो उखडला. "कागदावर सगळं असतं. जागा कुठाय? माती साठवायला कोपरा नाही, अवजड ट्रक दिवसा सोडत नाहीत, रात्री १० नंतर आवाज नको. उचलायची कधी?" बरोबर आहे त्याचं. कफ परेडला २०१७मध्ये रात्रीचं काम कोर्टाने थांबवलं होतंच की. माझं म्हणणं, मग प्लॅनची सुरुवातच ट्रकच्या वेळापत्रकाने करा, फोडाफोडी दिवसा, रात्री फक्त उचल.

मास्तर म्हणाले धुळीवर पाणी मारा, झालं. नाही हो मास्तर, पोरबंदर स्टोनसारखा जुन्या इमारतींचा दगड पाणी पितो आणि ओली धूळ कोरीवकामात जाऊन बसते, पाणी ब्रेकरच्या तोंडाशी मारायचं, भिंतीवर नाही. आणि खरी भीती खालच्या पाण्याची. खड्ड्यातून पंपाने उपसलं की शेजारच्या पायाखालची पातळी पण उतरते, जमीन बसते, भेग मात्र दिसते काही महिन्यांनी. तेव्हा कंत्राटदार गेलेला असतो!

कंपनाचं पण तसंच. डीआयएन ४१५० या इमारतींच्या कंपनाच्या जर्मन मानकामध्ये नाजूक वारसा इमारतीच्या पायाशी कमी फ्रीक्वेन्सीला सेकंदाला ३ मिलीमीटर हा आकडा आहे. मी विचारलं, दाद्या, मीटरने ४ दाखवले तर तू मशीन बंद करशील? तो म्हणाला, "मी कोण बंद करणारा, उशिराचा दंड कंपनीला लागतो, मला घरी बसवतील."

इथेच सगळं अडतं. थांबवायचा हक्क साइटवरच्या माणसाला लेखी द्या, थांबलेल्या दिवसांचे पैसे टेंडरमध्येच धरा, त्या दिवसांचा दंड नको. बंड्या म्हणतो खर्च वाढेल. वाढू दे ना, पडलेला कोरीव दगड परत घडवायला काय कमी लागतं? दाद्या म्हणाला असं लिहून दिलं तर मी बंद करीन.