एअर क्लीनर काढून ट्रॅक्टरला ताकद येत नसते

‘ट्रॅक्टर लोड घेत नाही? गॅरेजला पैसे घालू नका’ असा एक मेसेज सध्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात उपाय पाच. इंजिनची हवा गाळणारा एअर क्लीनर काढून ठेवा, इंजिन मोकळा श्वास घेईल. डिझेलमध्ये दहाला एक रॉकेल घाला. इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा सीलबंद स्क्रू अर्धा आटा फिरवा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप, फेकून द्या. आणि काळा धूर निघाला की समजा ताकद आली. खाली सही ‘अनुभवी मिस्त्री’. नाव नाही, गाव नाही. असले मेसेज रोज येतात, मी सोडूनही दिला असता. पण धाकट्या चुलतभावाने खरंच क्लीनरचा पाइप काढला आणि तसाच रोटाव्हेटर घेऊन रानात गेला. वर मलाच ऐकवतो, “दादा, आता बघ कसा ओढतोय!”

ओढणारच की. एवढं त्या मिस्त्रीचं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. पण क्लीनर काढल्यावर ट्रॅक्टर ओढायला लागला याचा अर्थ क्लीनर चोंदलाय, एवढाच. मग तो साफ करायचा की फेकायचा?

जरा हिशेब मांडू. अडीच लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन २००० आरपीएमला चाललं, तर मिनिटाला दोन हजार लिटरच्या वर हवा आत ओढतं. रोटाव्हेटरमागे उठणारी धूळ आठवा आणि त्या हवेत किती माती जाते ते तुम्हीच ठरवा. पिस्टन ज्या ओतीव लोखंडाच्या नळीत वरखाली होतो तो लायनर. मातीतले वाळूचे कण त्याच्यापेक्षा कठीण असतात. ते पिस्टन आणि लायनरच्या मध्ये सापडले की पॉलिश पेपरचं काम करतात. आधी पिस्टनच्या रिंगा झिजतात, मग कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पडतं, इंजिनची वाफ सोडणाऱ्या ब्रीदर नळीतून धूर येतो, ऑइल जळायला लागतं. म्हणजे ताकद कमी झाली म्हणून केलेला उपाय ताकद कायमची घालवतो, आणि लायनर-पिस्टनचं काम निघतं ते वेगळंच.

भावाचा क्लीनर ऑइलबाथचा, म्हणजे वाटीतल्या ऑइलमध्ये धूळ पकडणारा. खालची वाटी उघडली तर ऑइल कमी आणि तळाला बोटभर काळा चिखल, वरच्या जाळीत गव्हाचा भुसा. वाटी आणि जाळी डिझेलने धुतली, जाळी निथळू दिली, खुणेपर्यंत नवं ऑइल भरलं. खुणेच्या वर भरायचं नाही. जास्त भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं आणि त्यावरच बेफाम पळू शकतं, मग थांबवायची दोरी ओढूनही बंद होत नाही. कोरडा क्लीनर असेल तर बाहेरचा फिल्टर कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर फुंकायचा. आतला छोटा सेफ्टी फिल्टर फुंकायचा नाही, धुवायचा नाही, थेट बदलायचा. पाइपचे क्लॅम्प आवळले आहेत ना आणि रबर कुठे चिरलंय का, हेही बघायचं. चिरलेला पाइप म्हणजे क्लीनर नसल्यातच जमा.

आता रॉकेल. पंपातल्या डिझेल दाबणाऱ्या भागांना आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलला वेगळं वंगण नसतं, आतून जाणारं डिझेलच त्यांचं वंगण. भारतीय मानक आयएस १४६० नुसार बीएस-६ डिझेलचा सीटेन क्रमांक, म्हणजे डिझेल किती चटकन पेट घेतं त्याचं माप, किमान ५१ असावा लागतो, आणि वंगणाच्या चाचणीत पडणारा ओरखडा ४६० मायक्रॉनच्या आत राहावा लागतो. रॉकेल पातळ असतं, वंगण म्हणून डिझेलपेक्षा कमी. दहाला एक मिसळून डिझेल सुधारत नाही, पंप मात्र लवकर उतरवावा लागतो.

पंपाचा स्क्रू फिरवला की डिझेल वाढतं, हवा तेवढीच राहते. न जळलेलं डिझेल काजळी होऊन सायलेन्सरमधून निघतं. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, तुमच्या पैशाचं डिझेल हवेत. शिवाय एक्झॉस्ट तापतं, पिस्टन आणि हेडवर ताण येतो. सील तोडल्यावर वॉरंटीचं नाव काढू नका.

थर्मोस्टॅट काढला तर इंजिन थंडच चालतं, डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये उतरतं. बायपास असलेल्या काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून फिरतं आणि उलट गरम होतं. अडकलेला असेल तर नवा बसवा.

क्लीनर स्वच्छ असूनही ओढ नसेल तर डिझेलच्या वाटेने जा. आधी टाकीच्या झाकणाचं श्वासछिद्र. झाकण सैल केल्यावर इंजिन सुधारलं तर दोष तिथेच. मग डिझेल फिल्टर आणि त्यातलं पाणी. फिल्टर बदलल्यावर एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, काढायची, आधी फिल्टरची, मग पंपाची. त्यानंतर नोझल आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, पण ते मिस्त्रीकडे, नाव-गाव असलेल्या. आणि इंजिनचा आवाज चढतोय, पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही, तर इंजिनला हातच लावू नका. क्लच घसरतोय.