श्रावणात सगळ्यांकडेच मांजर असते

आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण शिजत नाही. चिकन तर बाराही महिने नाही. त्यामुळे परवा जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

उन्हाळा संपून कूलर बंद पडला, त्याच्या कोरड्या टाकीत एका मांजरीने पिल्लं ठेवली. बाकीची नेली, एक आम्हाला देऊन गेली. रंग तांबडा-केशरी, म्हणून आईनेच नाव ठेवलं तर्री. इथवर सगळं गोड.

मग डॉक्टरीणबाई आल्या. म्हणजे आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तर्रीचे दात बघून दोन महिन्यांची ठरवली, जंतांचं औषध पाजलं, लसीच्या तारखा लिहून दिल्या. खाण्याचं सांगितलं ते असं: पिल्लांसाठी मिळतं ते तयार खाणं, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. वरून उकडलेलं चिकन, हाडं काढून, मीठ-मसाल्याशिवाय. पण नुसत्या चिकनवर ठेवायचं नाही, कारण मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं. गाईचं दूध बंद, जुलाब होतात. आईने हळूच विचारलं, "पनीर चालेल का हो? नाहीतर सोयाबीनची वडी?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मावशी, मांजर शाकाहारी होत नाही."

टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजरीला स्वतःच्या अंगात पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातूनच यावं लागतं. ते मिळालं नाही की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे 1975 मध्ये कळलं. हृदयही कमजोर होऊन फुगतं, हे 1987 मध्ये. आई ऐकत होती. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "आंधळी झाली तर पाप आपल्याच माथी. तू आण. भांडं मात्र वेगळं."

आता प्रश्न, आणायचं कुठून? नागपुरातल्या आमच्या त्रिमूर्तीनगरात चिकनची दुकानं आहेत, पण तिथे मला पानवाल्यापासून प्रेसवाल्यापर्यंत सगळे ओळखतात. म्हणून हेल्मेट घालून थेट सक्करदऱ्याला गेलो. दुकानात हेल्मेट काढलं नाही.

"पाव किलो बोनलेस. बारीक करा, तर्रीसाठी पाहिजे."

सुरा थांबला. "तर्रीसाठी? मंग हड्डीवालं न्या भाऊ. बोनलेसले तर्री येत नाही."

"तशी तर्री नाही हो. मांजरीचं नाव आहे. मांजरीसाठी नेतोय."

"हाव," तो अगदी मायेने म्हणाला. "श्रावणात सगळ्यांकडेच मांजर असते."

मागचे गिऱ्हाईक खिदळले. एक जण म्हणाला, "माझ्याकडे त दोन आहेत, त्यातली एक लेगपीसच खाते." मी हेल्मेटच्या आत घामाघूम. आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "काऊन हो, गाडी वळखीची वाटते!"

इतवारीवाले काका. आमच्याच गल्लीत राहतात. इतवारीत त्यांचं धान्याचं दुकान होतं, आता मुलगा बघतो, आणि काका उरलेल्या नागपूरकडे बघतात. त्या दिवशी बुधवार. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार मी कसा विसरलो, देव जाणे. काकांच्या पिशवीतून दोडके डोकावत होते.

"तुम्ही? अन् श्रावणात?"

"काका, मांजरीसाठी."

"मांजरीले कोण कोंबडी चारते बाप्पा?" काका आता दुकानाच्या पायरीवर चढले आणि रांगेकडे तोंड करून बोलू लागले. "आमच्या दुकानात मांजर होती. सकाळी वाटीभर दूध-पोळी. बास! बारा वर्षं जगली."

"आणि दुकानात उंदीर?"

"एक नाही!" काकांनी छाती काढली.

मग ते उंदीर काय काशीला गेले होते? धान्याच्या गोदामात राहणारी ती बाई दूध-पोळीला नुसती हजेरी लावायची, खरं जेवण पोत्यांमागे. आख्ख्या महाराष्ट्रात मांजर दूध-पोळीवर जगते हा समज असल्याच मांजरींनी पसरवला आहे. मी हे सांगून पाहिलं. टॉरिनचंही सांगितलं.

"काय? तुरीन?" काकांनी कानाला हात लावला. "मंग थे तुरीत असनच ना! वरण पाजा तिले."

रांगेला हे पटलं. एका बाईने तर सांगितलं की वरणात थोडा लसूण टाका, वास आला की मांजर पटकन खाते. कांदा-लसणाने मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात हो! आमची तर्री बाराही महिने चातुर्मास पाळते, फक्त कोंबडी खाऊन. पण हे सगळं हेल्मेटमधून कसं सांगणार?

शेवटी चिकनवाल्याला माझी दया आली, आणि तेच सगळ्यात वाईट झालं. "काका, माणूस खात असन त खाऊ द्या ना. देव काही म्हणत नाही."

घरी येईपर्यंत मी मनात भांडत होतो. कुत्रा पाळला असता तर कोणी चकार शब्द काढला नसता. कुत्र्यासाठी मटण नेणारा माणूस शौकीन, मांजरीसाठी पाव किलो नेणारा लबाड. आणि सल्ले फुकट. मागच्या आठवड्यात तर्री दोनदा शिंकली, तर खालच्या मजल्यावरून पॅरासिटामॉलची पाव गोळी आली, प्रेमाने, दुधात कुटून. ती गोळी मांजरीला पचवताच येत नाही, तेवढ्याशा तुकड्यानेही जीव जाऊ शकतो. मी वाटी बेसिनमध्ये ओतली, तर "आमच्या घरचं चालत नाही का?" म्हणून रुसवा. यात मला खरंच काही विनोदी दिसत नाही.

संध्याकाळी काका घरी. "मांजर पाहाले आलो."

आई भजनाला गेलेली. तर्री दिवाणखाली, भिंतीला चिकटून. मी हाका मारल्या, खाण्याचा डबा खुळखुळवला, दोरी हलवली. नाही म्हणजे नाही. अनोळखी माणूस आला की मांजर लपते, हे मी सांगितलं. काकांनी फक्त मान हलवली आणि पुरावे तपासायला लागले. कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये वाळू. "हे काय, कुंडी लावाची आहे का?" म्हटलं, तिची संडासची जागा. पाण्याची वाटी खाण्यापासून दूर, कारण बऱ्याच मांजरींना जेवणाशेजारचं पाणी आवडत नाही. "अशी वाटी त आम्ही चिमण्यांसाठी ठेवतो." मग ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि गॅसवरच्या वेगळ्या भांड्याचं झाकण उचललं.

बराच वेळ वाकून बघत होते. "हळद नाही. तिखट नाही. मीठ?"

"नाही."

काकांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी झाकण हळूच ठेवलं, माझ्या खांद्यावर हात टाकला. "आधी नाही का सांगायचं? किती निघालं बीपी?"

तेव्हापासून गल्लीत श्रावणाचं नाव कोणी काढत नाही. आता सकाळी बगिच्यात भेटेल तो मला लसणाच्या दोन पाकळ्या उपाशीपोटी चावून खायला सांगतो.