‘फेरीवाल्यांवर नजर ठेवा’ या मेसेजला उत्तर

कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्याकडच्या गावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. मुलांना धोका बाहेरच्या फेरीवाल्यांचा, भिक्षेकऱ्यांचा. गावात सगळे ओळखीचे, इथं तसं होत नाही. झालंच तर चार मोठ्यांनी बसून मिटवावं, ठाण्यात गेलं की पोरीची बदनामी. यंदा तो मला तिघांनी पाठवला. तिघंही भली माणसं आहेत, म्हणूनच हे लिहितो आहे.

आधी ‘बाहेरचे’. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याच्या, गुन्ह्यांत दरवर्षी बहुतेक आरोपी मुलाच्या ओळखीचेच निघतात: नातेवाईक, शेजारी, घरी येणं-जाणं असलेला. वेचणीच्या दिवसांत आई-बाप सकाळीच वावरात जातात आणि पोरगं ज्याच्या भरवशावर मागं राहतं, त्याच्याबद्दल मेसेज चूप आहे. उलट, अशाच अफवेनं १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागणाऱ्या पाच जणांचा जीव घेतला.

मेसेजमध्ये फक्त पोरी आहेत. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक छळ सोसल्याचं सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त मुलगे होते.

आता ‘मिटवणं’. मिटतं म्हणजे काय होतं? पैसे ठरतात, तो माणूस पाया पडतो, आणि आठ दिवसांनी त्याच पारावर बसलेला असतो. लेकराला शाळेत त्याच्याच समोरून जावं लागतं. मिटलं ते मोठ्यांचं. शिवाय बैठकीत हमखास एक वाक्य येतं, ‘तसं काही झालं नाही, कपड्यावरूनच हात लागला.’ जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं जवळपास असाच अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयानं १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला: कातडीला कातडी लागली का हे नव्हे, लैंगिक हेतू होता का हे पाहायचं.

आणि हे बैठकीतल्या मोठ्यांनी नीट वाचावं. पॉक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा माहीत असलेल्या कुणालाही तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. आश्रमशाळा आणि वसतिगृहंही यात आली. खात्री नसताना पण चांगल्या हेतूनं कळवलं तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. पुरावा शोधणं तुमचं काम नाही.

बदनामीची भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण मुलाचं नाव, फोटो, गाव, शाळा छापायला कायद्यानं बंदी आहे. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि तोही गणवेशाशिवाय. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. नाव फुटतं ते बहुतेक वेळा पारावरून.

पोर एखाद्याच्या घरी जायला अचानक नकार देत असेल, मोठं झाल्यावर पुन्हा अंथरूण ओलं करत असेल, लघवीला दुखतं म्हणत असेल, कुणी दिलं हे न सांगता त्याच्याकडे पैसे-खाऊ दिसत असेल, तर रागावू नका, जवळ बसा. त्यानं सांगितलं तर पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. नुकतंच घडलं असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, तो फुकट आहे. तातडीचं असेल तर ११२. उपचार सरकारी असो की खाजगी, प्रत्येक दवाखान्यात मोफत मिळायला हवेत. पैसे मागितले तर हे तिथंच सांगा.