होल्डरवर 12 व्होल्ट येतात, तरी हेडलाईट का लागत नाही?

तुमच्या प्रतिक्रियेचा गोषवारा असा: हेडलाईट तपासण्याच्या आमच्या लेखाप्रमाणे उजव्या हेडलाईटचा होल्डर काढून मल्टिमीटर लावला, 12.4 व्होल्ट आले. नवा 60/55 चा (अप्पर 60, डिपर 55 वॅट) बल्ब घातला तरी अंधारच. शेवटी द्वारकेजवळच्या इलेक्ट्रिशियनने 100/90 चा बल्ब टाकला आणि दहा मिनिटांत काम झालं. म्हणून लेख पुस्तकी, आणि बल्बच्या काचेला बोट लावू नका ही तर अंधश्रद्धा.

पहिली तक्रार रास्त आहे. ‘होल्डरवर 12 व्होल्ट आले म्हणजे वायरिंग ठीक’ हे लेखातलं वाक्य चुकीचं होतं, ते बदललं आहे. तुमचा वेळ गेला त्याला तेच वाक्य कारण.

चूक कुठे होती, ते आकड्यांत बघा. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध (करंटला होणारा अडथळा) 1 कोटी ओहमच्या आसपास असतो, म्हणजे तो तारेतून जवळपास करंट ओढतच नाही. वाटेत गंजलेला, 10 हजार ओहम रोधाचा जोड असला तरी मीटरवर 12 व्होल्टच दिसतात. पेटलेला 60 वॅटचा बल्ब मात्र 5 अँपिअर मागतो. त्याचा गरम असतानाचा रोध जेमतेम अडीच ओहम. त्याच्या वाटेत नुसता 1 ओहमचा खराब जोड आला तरी तीन-साडेतीन व्होल्ट तिथेच खर्च होतात, बल्ब पिवळट मिणमिणतो आणि तो जोड दहा-बारा वॅटच्या उष्णतेने भाजत राहतो. होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी पडतं ते यामुळे. जोड आणखी बिघडला की दिवा बंद, पण मीटर म्हणतो सगळं आलबेल.

म्हणून बल्ब जागेवर ठेवून, स्विच चालू करून मोजायचं. होल्डरच्या मागून, तारेच्या कडेने बारीक टाचणी सरकवली की मीटरची पिन टेकवता येते. एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी होल्डरच्या चालू पिनेवर: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर दोष फ्यूज, रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्याचा मोठा करंट जोडणारा डबा), स्विच किंवा त्यांच्यामधल्या तारेत. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी होल्डरच्या अर्थ पिनेवर (अर्थिंगची, म्हणजे वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी पिन): इथे 0.2 व्होल्टच्या आत हवं. दिवा बंद आणि अर्थ पिनेवरच 12 व्होल्ट, असं दिसलं तर अर्थ तुटला आहे. बल्बपर्यंत वीज पोचते, परत जायला वाट नाही. तुम्ही काळी पिन कुठे लावली होती ते लिहिलेलं नाही. बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा बॉडीला लावली असेल, तर होल्डरची अर्थ तार तपासलीच गेली नाही.

एक अपवाद लेखात राहून गेला होता. जपानी रचनेच्या काही गाड्यांत हेडलाईटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे एच-फोर बल्बच्या (अप्पर-डिपर एकत्र असलेला तीन पिनांचा बल्ब) सामाईक पिनेवर पॉझिटिव्ह येतं आणि डिपर-अप्परच्या पिना स्विचमधून अर्थ होतात. अशा गाडीत होल्डरपाशी बॉडीचा अर्थ शोधत बसाल तर दिवस जाईल. आधी वायरिंगचा नकाशा बघा.

आता 100/90 कडे. त्या बल्बने दोष गेला असं म्हणता येत नाही. बल्ब काढता-घालता होल्डरच्या पिना घासल्या जातात, गंजाचा थर थोडा निघतो आणि संपर्क तात्पुरता जुळतो. बहुधा तेच झालं. तुमचा नवा 60/55 पुन्हा घालून बघा, तोही लागण्याची शक्यता बरीच. 100 वॅटला 8 अँपिअरच्या वर करंट लागतो आणि जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच कमकुवत जोडावर पावणेतीन पट ताप. होल्डर वितळणं, रिफ्लेक्टर काळवंडणं ही पुढची पायरी. शिवाय पावसाळ्यात कसारा घाटातल्या धुक्यात असला अप्पर लावला की पांढरी भिंतच समोर उभी राहते, आणि समोरच्या ड्रायव्हरला काय दिसतं ते सांगायला नको.

उजेड कमी वाटतो म्हणून जास्त वॅट, हा हिशेबच उलटा आहे. 13.2 व्होल्टऐवजी 11 मिळाले तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ निम्मा होतो. आधी ते गेलेले दोन व्होल्ट परत मिळवा.

बोटाचं म्हणाल, तर बोट लागताक्षणी बल्ब जात नाही, इथवर तुमचं बरोबर. पण ही काच क्वार्ट्झची, चालू असताना कित्येकशे अंशांना तापणारी. घामातलं मीठ त्या तापमानाला काचेत भिनतं, तेवढा भाग पांढरट होऊन कमकुवत पडतो आणि बल्ब लवकर जातो. हात लागलाच तर स्पिरिटने पुसा, एवढंच. बल्ब वारंवार जात असेल तर मात्र बोटाला दोष देऊ नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. 13.8 ते 14.4 ठीक, 15 च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) रेग्युलेटर बघायला हवा.

तुमच्या गाडीत आता करायचं ते असं. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. हेडलाईटची अर्थ तार बॉडीला जिथे बोल्टने बसते (बहुतेक वेळा 10 नंबरचा पाना लागतो) तो बोल्ट खोला, खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. वॉशिंग सेंटरमध्ये बॉनेट उघडून प्रेशरचं पाणी मारतात, ते पाणी नेमकं इथे मुरतं. होल्डर तपकिरी किंवा ठिसूळ झाला असेल तर घासत बसू नका, शेपटीसकट, म्हणजे त्याच्या तारांच्या तुकड्यांसकट, सिरॅमिकचा नवा बसवा. जोड देताना तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळली तर पुढच्या पावसाळ्यात हाच प्रश्न परत येईल. क्रिम्प (धातूची नळी दाबून पक्का जोड) किंवा सोल्डर करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) घाला, आणि तार मूळ जाडीपेक्षा बारीक नको. मग 60/55 लावून वरची दोन्ही मापं घ्या आणि आकडे इथेच खाली लिहा. अजून फरक दिसला तर पुढचा संशय रिले ज्यात बसतो त्या सॉकेटवर.