चौथ्या होलची चिंच

आमच्या गोल्फ कोर्सचा नकाशा कुण्या इंग्रज साहेबानं काढला, असं क्लबात सांगतात. काढला असेल. पण आज आम्ही खेळतो तो कोर्स काढलाय एका चिंचेनं, आणि तोही माझ्यावर खार खाऊन.

गोल्फच्या मैदानांची एक जात स्कॉटलंडच्या समुद्रकाठची. तिला लिंक्स म्हणतात. वाळूचे उंचवटे, बोचरा वारा, झाड औषधालाही नाही. दुसरी आमची, पार्कलँड : हिरवळ आणि दुतर्फा झाडी. नागपुरात पहिलीचा प्रश्नच नव्हता. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपवले तरी भिवंडीच लागते, समुद्र नाही. तेव्हा साहेबानं फेअरवेच्या, म्हणजे खेळायच्या पट्ट्याच्या, कडेला कडुनिंब, चिंचा, गुलमोहर लावले आणि तो विलायतेला निघून गेला. झाडं इथेच राहिली आणि वाढत बसली. त्याच्या नकाशात ही चिंच फार तर गुडघ्याएवढी असणार. त्याला काय माहीत, पुढे मी मेंबर होणार आहे!

चौथा होल पार चारचा, म्हणजे चार फटक्यांत चेंडू खळग्यात जायला हवा. टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेवरून, सरळ मारायचं आणि मग डावीकडे वळायचं. वळणावर, उजव्या अंगाला, ही बया. माझा चेंडू निघतो सरळ, पण अर्ध्या वाटेत त्याला उजवीकडचं काहीतरी आठवतं. गोल्फमध्ये याला स्लाइस म्हणतात. घरी याला 'तुम्हाला एक गोष्ट सरळ जमेल तर शपथ' असं म्हणतात.

गुलमोहरात गेलेला चेंडू दोन फांद्यांना आपटून खाली तरी येतो. चिंच पोटात घेते. आत कुठेतरी टक् असा आवाज होतो, मग चार-दोन वाळक्या चिंचा टपटपतात. चेंडू नाही. शोधायला तीन मिनिटं. २०१९ पर्यंत पाच मिळायची, ती खेळ रेंगाळू नये म्हणून कमी केली. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत रुतलेला चेंडू नियमानं विनादंड उचलता येतो. मुळ्यांच्या बेचक्यात अडकलेला उचलला की एक फटका दंड. म्हणजे मातीनं गिळलं तर माफी, झाडानं धरलं तर शिक्षा!

एकदा हुशारी केली. लांबून दिसावा म्हणून नारिंगी चेंडू आणला. नागपूरकरानं नारिंगीवर विश्वास ठेवायचा नाही तर कुणी? पण महिना फाल्गुन होता. शेजारच्या पळसाखाली फुलांचा सडा पडलेला, आणि त्यात मी ओणवा होऊन एकेक फूल उलटून पाहतोय. मागून येणाऱ्या मंडळींना वाटलं, होळीचा रंग करायला फुलं वेचतोय. एका काकूंनी मूठभर आणूनही दिली.

त्यात आमचे होल नऊच. सेंट अँड्र्यूजवाल्यांनी १७६४ साली बावीसचे अठरा केले आणि पुढे तोच आकडा जगाला चिकटला. तो भरायला आम्ही नवाला दोन फेऱ्या मारतो. म्हणजे चिंचेचं दर्शन सकाळी दोनदा. घरी परततो तेव्हा चेंडू चार कमी आणि खिशात चिंचा. त्यावर मात्र बायको खूश असते. "अहो, पुढच्या रविवारी जरा गाभुळलेल्या आणा."

शेवटी कमिटीला अर्ज दिला : उजवीकडची एकच फांदी छाटावी. अध्यक्ष सरळ मारतात, म्हणून त्यांना झाडांचं फार प्रेम. त्यांनी १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा ऐकवला. मग एका ज्येष्ठ मेंबरांनी चष्मा पुसत सांगितलं, "आम्ही पाण्याच्या टंचाईतल्या कोर्सवर शिकलो. तिथे होलभोवती हिरवळीचे ग्रीन नव्हते, ब्राउन होते. वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून थापलेले. आम्ही केली का तक्रार?" अर्ज फायलीत गेला. चहा मात्र चांगला होता.

मेच्या अखेरीस एका संध्याकाळी वावटळ सुटली, गारा पडल्या, आणि ती फांदी आपसूक मोडली. नेमकी माझीच फांदी! रविवारी साडेपाचला टीवर हजर झालो. चेंडू सरळ निघाला, अर्ध्या वाटेत त्याला उजवीकडचं काहीतरी आठवलं आणि तो चिंचेतल्या त्या नव्या खिडकीतून आरपार गेला. टक् नाही, टपटप नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी टोपी उडवली.

चिंचेला वळसा घालून पलीकडे गेलो. खोलगटात एक भलामोठा बंकर. त्यातल्या वाळूत माझा चेंडू, अर्धा पुरलेला.

"हा बंकर कधी खणला रे?"

कॅडीनं बॅग खाली ठेवली. "पहिलेपासूनच हाये जी. तुमचा बॉल इथवर आलाच कुठी?"