शिरगणती

उजनीतले मासे मोजायला मी एका पायावर तयार झालो. पीएचडीला दुसरा विषय मिळत नव्हता, आणि पोहता येतं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

गिलनेट म्हणजे पाण्यात उभी ताणलेली जाळीची भिंत. वर बोये, खाली शिसं. माशाचं डोकं आत शिरतं, पोट शिरत नाही. मागे सरावं तर कल्ले अडकतात. वरचं बटण लावलेला शर्ट डोक्यावरून काढताना माझं नेमकं हेच होतं. त्यामुळे ज्याचं अंग आसाच्या, म्हणजे जाळीच्या भोकाच्या, मापाचं, तोच मोजला जातो. बारकी पोरं आरपार, थोराड मंडळी नाक घासून माघारी. यावर तोड म्हणून ३० मिलिमीटरपासून १०० मिलिमीटरपर्यंतच्या आसांचे तुकडे जोडून एकच जाळं करतात. कागदावर फार देखणं दिसतं.

संध्याकाळी लावलेलं जाळं पहाटे ओढलं, तर मधोमध एक सकर मासा. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, शोभेच्या काचपेटीतून आपल्या नद्यांत पोचलेला. अंगावर चिलखत, परांना काटे. हा कल्ल्यात अडकत नाही. काट्यांनी आख्खं जाळं अंगाभोवती गुंडाळून घेतो. मी पाऊण तास एकेक धागा सोडवत होतो. होडीवाले मामा तंबाखू मळत म्हणाले, "सर, मासं मोजाय आलाय का गुंता सोडवाय?"

बाकी सगळी चिलापी. आफ्रिकेतून ही भारतात आली १९५२ साली, उजनी पुरी झाली १९८०च्या सुमारास. पण ११७ टीएमसीचं धरण जणू हिच्याच बाळंतपणासाठी बांधलं. पाठीचा काटा अंगठ्यात घुसवून घेत मी एकीचं वजन करत होतो. होडी डुलत होती, काटा एकाच माशाचं वजन १८० ग्रॅम, २१०, १६० असं दाखवत होता. तेवढ्यात तिनं तोंड उघडलं आणि माझ्या तळहातावर मोहरीएवढ्या डोळ्यांची पिल्लं ओकली. ही पिल्लं तोंडात सांभाळते, हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं. तक्त्यात मात्र लांबी, वजन, आसाचं माप एवढेच रकाने.

"मामा, हे किती धरायचे?"

"लेकुरवाळी एक, आसं लिवा की."

शेऱ्याच्या रकान्यात तसंच लिहिलं. गाइड सरांनी 'लेकुरवाळी'भोवती लाल गोल करून विचारलंय: शास्त्रीय नाव?