छडीचं कौतुक पुरे झालं

आज सकाळी चहा व्हायच्या आत आमच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड पुन्हा आला. "आम्हाला मास्तरांनी फोडून काढलं म्हणून आम्ही घडलो, आताच्या पोरांना नुसता हात लावला तर पालक पोलिसात जातात." खाली जोडलेले हात, फुलं, आणि कुठल्यातरी गोऱ्या मास्तराचं चित्र! पाठवणारे आमच्याच शाळेचे, मला दोन वर्षं पुढे. त्यावर धडाधड अंगठे. एरवी मी असलं वाचते आणि सोडून देते. आज डोकं फिरलं. नातीने फोनवर बोलून टाइप करायला शिकवलंय, तेव्हा आता ऐका.

मी १९५७ ची मॅट्रिक. तेव्हा एस.एस.सी. अकरावीला असायची. गाव कृष्णाकाठचं, कराडच्या आसपासचं. शाळेचं नाव घालत नाही, आपल्यातल्यांना कळेलच.

त्या शाळेवर माझा जीव आहे हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी कडवट झाली. शाईच्या वड्या पाण्यात विरघळवून दौत भरायची, ती हमखास दप्तरात सांडायची, आणि परकरावरचा निळा डाग काढायला आई लिंबू चोळत बसायची, तोंडाने आमचा उद्धार चालूच. वर्गात आम्ही मोजून सात मुली. मास्तर येईपर्यंत मुलींच्या खोलीत थांबायचं, ते आले की त्यांच्या मागोमाग ओळीने वर्गात शिरायचं आणि तास संपला की तशाच बाहेर. शाळा सुटेपर्यंत वर्गातल्या निम्म्या मुलांशी मी एक शब्द बोलले नव्हते. १९५२ ला खाशाबा जाधव हेलसिंकीहून ब्राँझ पदक घेऊन आले तेव्हा कराडला बैलगाड्यांची केवढी मोठी मिरवणूक निघाली! पुढे कितीतरी दिवस झाडून सारी पोरं जोर-बैठका मारत होती.

इंग्रजी आम्हाला आठवीत भेटली. मुंबई सरकारचं धोरणच तसं होतं. मग कॉलेजात गेल्यावर सगळं इंग्रजीत, आणि आमचे डोळे पांढरे. त्या बाबतीत आजची पोरं सुखी, कबूल.

आणि ती गणितं! मणाला इतके रुपये, तर तीन शेर पाच छटाकांना किती? बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीड यांचे पाढे, सगळं पाठ. इतकी वर्षं घोकून मार्चात परीक्षा दिली, आणि १ एप्रिल १९५७ ला सरकारने नवे पैसे आणले, रुपयाला शंभर! थोड्याच वर्षांत मण-शेर जाऊन किलो आले. सगळी घोकंपट्टी कृष्णेत.

औटकी मात्र भल्याभल्यांची अडायची. औट म्हणजे साडेतीन, त्याचा पाढा. तो न अडखळता म्हणणारा आमच्या वर्गात एकच मुलगा होता. त्याचंच सांगायचंय.

तो नदीपलीकडच्या वाडीचा. रोज नावेतून यायचा, मग पुढे चालत, अनवाणी. दहावीतला पावसाळा, श्रावण असेल. कृष्णेला पाणी चढलेलं. दुसरा तास चालू असताना हा दारात उभा, डोक्यावर पोत्याची खोळ, पाणी निथळतंय. गणिताच्या मास्तरांनी विचारलं, उशीर का? हा म्हणाला, नाव सुटली नव्हती. झालं. उलट बोलतोस? टेबलावर निरगुडीचा फोक कायम असायचा, ओला, मुद्दाम ओला ठेवलेला. उजवा हात पुढे. सपासप. पोरगं रडलं नाही, त्याचा म्हणे त्यांना आणखी राग आला.

मग त्याला म्हणाले, बस आणि फळ्यावरची गणितं वहीत उतरव.

आता ज्यांनी टाकाने, म्हणजे दौतीत बुडवायच्या लेखणीने, लिहिलंय त्यांनाच हे कळेल. टाक बोटांत हलका धरावा लागतो. सुजलेल्या हाताने तो दाबला गेला, निब फाकली, आणि पानभर डाग. मी पुढच्या बाकावरून मान वळवून बघत होते. टीपकागद शेजारच्याने दिला, तरी पान गेलंच. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या, आणि घाणेरडी वही म्हणून त्याला पुन्हा मार. त्याच हातावर.

काही दिवसांनी तो यायचा बंद झाला. कुणी विचारलं नाही. हजेरीत त्याचं नाव काही दिवस वाचलं गेलं, मग तेही थांबलं.

घडलो म्हणे! ग्रुपवर कोण आहे? जे मॅट्रिक झाले ते. मधेच शाळा सुटली त्यांचा ग्रुप कुणी काढलाय? आपण बँकेत लागलो, एस.टी.त लागलो, झेडपीत लागलो, पेन्शन घेतोय आणि गाल फुगवून सांगतोय की छडीने घडलो. औटकी येणारा आपल्यातला एकुलता एक पोरगा मात्र त्या यादीत नाही. मॅट्रिकचा निकाल पेपरात नंबरांनी छापून आला, दुपारच्या एस.टी.ने पेपर आला तेव्हा स्टँडवर ही झुंबड. त्याचा नंबर असायलाच हवा होता. पहिल्या पानावर फोटो आला असता असं मी म्हणत नाही. नुसता नंबर.

हो, त्याच मास्तरांनी मॅट्रिकच्या वर्षी सगळ्या वर्गाला पहाटे कंदिलाच्या उजेडात शिकवलं आणि एक पै घेतली नाही. लिहिलं. झालं समाधान?

पण मग आमचे संस्कृतचे मास्तर? त्यांनी कुणाला टिचकीसुद्धा मारली नाही. आवाज इतका हळू की वर्ग आपोआप गप्प व्हायचा, नाहीतर ऐकूच यायचं नाही. दोन-तीन पोरांचे नादारीचे, म्हणजे फी माफीचे, अर्ज त्यांनी स्वतः लिहून हेडमास्तरांकडे दिले, पोरांच्या बापांची सही-अंगठा आणायला सायकलवर वाड्यांवर गेले, आणि वर्गात अवाक्षर काढलं नाही. हे मला खूप पुढे कळलं. त्यांच्यावर कुणी फॉरवर्ड लिहीत नाही. कारण त्यात मार नाही.

छडी न उठण्यावरून आणखी एक आठवलं. जानेवारी १९५६. मुंबईत गोळीबार झाल्याच्या बातम्या आल्या आणि आमच्या शाळेतली पोरं "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ओरडत वर्गाबाहेर पडली. रोज हात पुढे करणारी हीच पोरं! फाटकाशी सगळे मास्तर उभे. कुणाची छडी उठली नाही. गणिताच्या मास्तरांनी तर बाजूला होऊन वाट दिली, हे मी मुलींच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलंय. तो नदीपलीकडचा असता तर घोषणा देण्यात पहिला असता, त्याचा आवाज खणखणीत होता. पण तो तोवर गेलेला.

पुढे तो मुंबईला गिरणीत लागला. कित्येक वर्षांनी गावच्या जत्रेत भेटला, डोक्याचे केस गेलेले, बायको बरोबर. मीच ओळखलं. शाळेत कधी बोललो नव्हतो, त्या दिवशी देवळाच्या पारावर तासभर बोललो. मी म्हटलं, त्या मास्तरांची आठवण येते का? तर म्हणतो, "गणित मात्र झकास शिकवायचे हो बाई." एवढंच. मास्तरांपेक्षा त्या क्षणी मला त्याचाच राग आला. उजव्या हाताने पानाला चुना लावत होता.

असो. आता जरा शांत झालेय, चहा पुन्हा गरम करून घेतला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी घातली, कलम १७. आता पोरं डोक्यावर बसतात, मास्तरांचा मान राहिला नाही, हे माझी सूनही सांगते, ती स्वतः शिक्षिका आहे. असेल. तिच्या वर्गात साठ पोरं, मला तिथे एक दिवस निघायचा नाही. पण पोरं उशिरा आली तर ती आधी विचारते, गाडी चुकली का. मला तेवढं पुरतं.

फॉरवर्डवाल्या भाऊंनी राग मानू नये, गॅदरिंगच्या नाटकात तुम्ही लुगडं नेसून काम केलं होतंत तेव्हापासून मला तुमचं कौतुकच आहे. पण ही पोस्ट मी काढणार नाही. ज्यांना छडीवर प्रेम आहे त्यांनी कमेंटमध्ये आधी लिहा, तुम्हाला स्वतःला ती कधी आणि कशासाठी बसली होती. कारणासकट. आणि मुलींनो, तुम्ही नका लिहू. आपल्याला एकदाही बसली नव्हती.